ओसरीवरून : मातींतले खेळ आणि वेळापत्रकांतला तास

गेल्या महिन्यांत पंचतंत्राविषयीं लिहितांना पुढील लेखांतहि कथाग्रंथांचाच विषय चालवीन असें वचन मीं वाचकांस दिलें होतें. तें या खेपेस मोडावें लागत आहे. घरांतच एक वाद उपस्थित झाला. आणि ज्याच्या ओसरीवर वाद चालू आहे त्यानें पंचतंत्रांतील कावळ्या-घुबडांची भांडणें सांगत बसावें, हें कांहीं बरें दिसत नाहीं.

वाद असा. माझी नात यंदा दहावीला आहे. शाळेच्या खो-खोच्या संघांत ती खेळते, आणि चांगली खेळते असें तिच्या शिक्षकांचें म्हणणें आहे. जिल्ह्याच्या संघाची निवड व्हावयाची असून त्यासाठीं रोज पहांटे दोन तास सराव ठेवला आहे. माझ्या मुलाचें मत पडलें कीं, हें एक वर्ष जाऊं द्यावें. खेळ कोठें पळून जातो? सूनबाईंचें मत अद्याप ठरलेलें नाहीं, म्हणजे ठरलें आहे पण त्या बोलत नाहींत. माझ्या मातोश्रींना नव्वदावें लागलें आहे. त्या अंथरुणावरूनच म्हणाल्या, "आम्ही मंगळागौरीला रात्र रात्र झिम्मा, पिंगा, फुगड्या खेळत होतों. दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून घरचीं कामें होतींच. त्याला कोणी सराव म्हणत नव्हतें, एवढेंच." सर्वांचें बोलून झाल्यावर नात माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही इतकीं वर्षें शाळेंत होतां. तुम्ही मुलांना खेळायला सोडत होतां कीं नाहीं?"

त्या प्रश्नाचें उत्तर मीं तेव्हां दिलें नाहीं. तें या लेखाच्या शेवटीं द्यावें लागेल.

२०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हां हीच सर्व मंडळी टीव्हीसमोर बसली होती. स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या, अशा दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानें नेपाळचा पराभव केला. स्त्रियांची नायिका प्रियंका इंगळे आणि पुरुषांचा नायक प्रतीक वाईकर हीं दोघेंहि महाराष्ट्राचीं. टाळ्या वाजल्या, पेढे आले. खेळ आपला, विजय आपला, अभिमान आपला. मात्र आपल्या घरांतील मुलगी मैदानावर जाऊं लागतांच तें वर्ष नेमकें गैरसोयीचें निघतें! एकाच ओसरीवर दोन वेळां घडलेल्या या दोन गोष्टी एकमेकींशेजारीं ठेवल्या, आणि मास्तरांच्या खोडीप्रमाणें मी पुस्तकांकडे वळलों. एका देशास एक खेळ कां सुचतो आणि दुसऱ्यास दुसरा कां, हा प्रश्न मला पूर्वींपासून छळीत आलेला आहे.

जर्मनांचें उदाहरण फार बोलकें आहे. १८०६ सालीं येनाच्या रणांगणावर नेपोलियननें प्रशियाचा धुव्वा उडविला. त्यानंतर पांच वर्षांनीं, १८११ मध्यें, फ्रीड्रिख लुडविग यान नांवाच्या शिक्षकानें बर्लिनच्या वेशीबाहेर हाझेनहाइडे येथें उघड्यावर व्यायामाचें मैदान काढलें. समांतर दांडे, आडवा दांडा, उडी मारावयाचा लांकडी घोडा, या ज्या साधनांवरील कसरती आपण आज ऑलिंपिक सामन्यांत पाहतों, त्यांचें रूप त्या माळावर ठरत गेलें. पोरांचे दंड भरावे हा वरवरचा हेतु; हरलेल्या राष्ट्राच्या मनांतील हार काढून टाकावी हा खरा. पुढें मौज अशी कीं, नेपोलियन गेल्यावर प्रशियाच्या सरकारलाच या तरुणांचें भय वाटूं लागलें. १८१९ मध्यें यान यास अटक झाली, आणि १८२० पासून १८४२ पर्यंत तीं सार्वजनिक मैदानें बंद राहिलीं. आपल्याकडे बंगालमधील अनुशीलन समिति १९०२ सालीं निघाली ती लाठी आणि व्यायाम यांच्याच नांवानें, आणि इंग्रज सरकारनें तिच्यावर बंदी घातली तेव्हां त्याच्याहि मनांत तेंच भय होतें. दंड-बैठका काढणारा मुलगा उद्यां आणखी काय काढील, याचा धसका सर्वच सरकारांना असतो.

स्वीडनची कथाहि हरण्यापासूनच सुरू होते. १८०९ मध्यें फिनलंड हा सुमारें एक-तृतीयांश मुलूख रशियानें घेतला. १८१३ मध्यें पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकानें स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली. परंतु स्वीडिश स्वभाव निराळा. यानच्या माळावर आरडाओरड, उड्या, गाणीं. लिंगच्या संस्थेंत सर्व कांहीं शरीरशास्त्रावर बसविलेलें. कोणता स्नायु कोणत्या हालचालीनें सुधारतो तें ठरवून, हुकमाबरोबर सर्वांनीं एकदम हात वर, एकदम खालीं. खेळ कमी, औषध जास्त.

आतां इंग्लंड. आपण इंग्रजांचा खेळ म्हटलें कीं क्रिकेट समजतों. पण इंग्लंडे दोन होतीं. ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी होत्या त्यांचीं मुलें ज्या शाळांत जात, तेथें हिरवळ होती, दिवसभराचा वेळ होता, आणि पुढें राज्य चालवावयाचें असल्यामुळें पुढारीपणाचें वळण मैदानावरच लागावें अशी योजना होती. मजुरांच्या मुलांच्या शाळांना फरसबंदी अंगणें. तेथें क्रिकेट कोठलें? लंडनच्या शाळामंडळानें १८८१ मध्यें मार्टिना बेरिमान या स्वीडिश बाईंना नेमलें आणि त्या मुलांसाठीं लिंगची कवाईत आणली. एकाच राजाच्या प्रजेपैकीं एकांस खेळ, दुसऱ्यांस हुकूम.

हेंच दुहेरी वळण समुद्र ओलांडून आपल्याकडे आलें. राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत क्रिकेटचीं मैदानें तयार झालीं. रणजितसिंहजी तेथलेच विद्यार्थी. साध्या शाळांच्या वांट्यास ड्रिल आलें, आणि तें शिकवावयास बहुधा फौजेंतून पेन्शन घेतलेला एखादा हवालदार. मी लहान असतांना आमच्या शाळेंतहि 'एक साथ, दहिने मूड' असे हुकूम होत. ते कोणत्या देशाच्या कोणत्या गरिबांसाठीं निघाले आणि आमच्यापर्यंत कसे आले, हें आम्हांस कोण सांगणार?

अमेरिकेचें एवढेंच सांगतों कीं, बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या हिंवाळ्यांत स्प्रिंगफील्ड येथें, बाहेर बर्फ असल्यामुळें छपराखालीं खेळतां यावा म्हणून, जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें बसून तयार केला, आणि चारच वर्षांनीं जवळच्या होल्योक गांवीं व्हॉलीबॉल निघाला, तो धांवपळ न सोसणाऱ्या प्रौढ व्यापाऱ्यांसाठीं! आज आमच्या जिल्ह्यांतील एकहि पोलीस कवायत-मैदान व्हॉलीबॉलच्या जाळीवांचून दिसत नाहीं, हा त्या स्थूल व्यापाऱ्यांचा आपल्यावर उपकारच म्हणावयाचा.

मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो जपानच्या कानो जिगोरोचा. हाहि मास्तर. जुजुत्सुचे जुने डाव त्यानें पारखले, जीवघेणे होते ते बाजूस ठेवले, आणि १८८२ मध्यें कोदोकान ही शाळा काढून ज्युदो सुरू केला. आपल्या देशाची विद्या टाकून न देतां ती शाळेच्या मुलांस शिकवितां येईल अशी करणें, हें काम त्यानें केलें. पुढें १९६४ च्या टोकियोच्या ऑलिंपिकांत ज्युदोचा प्रवेश झाला, आणि खुल्या गटाच्या अंतिम लढतींत जपानचा कामिनागा हा आंतोन खेसिंक या डच मल्लाकडून जपानी प्रेक्षकांसमोरच हरला. विद्या वांटली कीं एक दिवस शिष्य गुरूस पाडतोच. आपल्यालाहि हा प्रसंग पाहावा लागला आहे. आशियाई सामन्यांत १९९० पासून पुरुषांच्या कबड्डींत सुवर्णपदक भारताकडे होतें. २०१८ मध्यें जाकार्तास इराणनें पुरुषांस उपांत्य सामन्यांत आणि स्त्रियांस अंतिम सामन्यांत हरविलें. इराणच्या त्या स्त्रियांस शिकविणाऱ्या बाई होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आमच्या बंधूंनीं त्या वेळीं "हा द्रोह आहे" असें म्हटल्याचें मला आठवतें. मीं त्यांस कानोची गोष्ट सांगितली. ती त्यांना पटली नाहीं.

मग आपला स्वभाव कोणता? आपल्या खेळांचें साहित्य पाहा. हुतुतूला कांहींच लागत नाहीं. आट्यापाट्यांस रेघा ओढण्यापुरती राख किंवा चुना पुरे. खो-खोला दोन खुंट. दारिद्र्यानें हे खेळ असे झाले असें कोणी म्हणतात. तें अर्धवट खरें असेल. परंतु खो-खोची रचना निव्वळ दारिद्र्यांतून निघत नाहीं. आठजण एका रांगेंत, एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडें करून बसलेले. एकच पाठलाग करणार. त्यानें पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणेपर्यंत बसलेल्यानें उठावयाचें नाहीं, आणि म्हटल्यावर क्षणभरहि बसावयाचें नाहीं. एकदां दिशा धरली कीं मागें फिरतां येत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास हा खेळ समजावून सांगावा लागत नाहीं.

हा खेळ जुना, पण त्याचे नियम कागदावर आले ते पुण्यास डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्यें. त्याच वर्षीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें. या मंडळाची एक हकीकत नव्या पिढीस बहुधा ठाऊक नसते. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाचें पथक बर्लिनला गेलें आणि त्यानें तेथें कबड्डी वगैरे देशी खेळ करून दाखविले. पुढें १९४९ मध्यें लिंगच्या स्मरणार्थ स्टॉकहोमला जो व्यायाममेळा भरला, तेथेंहि मंडळाचे लोक गेले. म्हणजे ज्या शहरांतून कवाईत निघून आमच्या शाळेच्या अंगणांत आली, त्याच शहरीं वऱ्हाडचीं मुलें आपली विद्या घेऊन गेलीं. मात्र बर्लिनचें नांव काढल्यावर तेथें त्या वर्षीं कोणाचें राज्य होतें हेंहि सांगितलें पाहिजे. यानच्या व्यायामांतील राष्ट्राभिमान त्या राज्यकर्त्यांनीं परक्यांच्या द्वेषापर्यंत नेऊन पोंचविला होता. खेळांत देशाचा स्वभाव उतरतो तेव्हां चांगला तेवढाच उतरतो असें नाहीं.

आपलाहि कांहीं चांगला तेवढाच उतरलेला नाहीं. मल्लविद्येचा इतिहास सांगतांना मला नेहमीं अभिमान वाटतो, कारण तो आमच्या उंबऱ्यापाशींच सुरू होतो. सोलापुराहून हैद्राबादच्या रस्त्यानें निघालें कीं त्या रस्त्यापासून थोड्या अंतरावर बसवकल्याण लागतें. ती चालुक्यांची राजधानी. तेथील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील मल्लविनोदांत मल्लांच्या आहाराचा, श्रमाचा आणि खांबावरील मेहनतीचाहि विचार आहे. पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या नव्यानें उभी केली. बाळंभटदादा आपल्यांतले, म्हणून आपण त्यांचें नांव घेतों. पण त्यांच्यानंतर आपल्या घरांनीं काय केलें? सूर्यनमस्कार ठेवले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं ते आपल्या संस्थानांतील शाळांत सक्तीचे केले. आमच्या सांगोल्याच्या सीमेपलीकडची आटपाडी त्यांच्याच राज्यांत होती. सूर्यनमस्कार उत्तम, मी आजहि घालतों. परंतु ते एकट्यानें, सोवळ्यानें, धुतलेल्या फरशीवर घालतां येतात. त्यांत दुसऱ्याच्या घामास आपला घाम लागत नाहीं. तालमीची लाल माती आपण इतरांकडे सोडून दिली, आणि बुद्धि आमची, बळ तुमचें, अशी वांटणी करून घेतली.

या वांटणीचा कडेलोट पाहावयाचा तर पुण्यास पाहावा. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजांतले, डाव्या हातानें गोलंदाजी करणारे. युरोपियनांच्या मैदानाची निगा राखतां राखतां ते तयार झाले. हिंदूंच्या संघास त्यांच्यावांचून बळी मिळत नसत, म्हणून त्यांस घेतलें. पण चहाच्या वेळीं त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा देत. १९११ मध्यें पहिला हिंदी संघ इंग्लंडांत गेला तेव्हां त्यांनीं शंभरावर गडी बाद केले. हिंदूंचें नायकपद मात्र त्यांना कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ मध्यें त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें. मैदानावर चेंडू सर्वांनीं हाताळावा आणि कपाला हात लावूं नये, हा नियम कोणत्याहि पुस्तकांत छापलेला नव्हता. तरी सर्वांस तो पाठ होता.

उलट बाजूहि आमच्या गांवांतच आहे, म्हणून लिहितों. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंत सात नंदीध्वज निघतात. ती उंच काठी उभी तोलीत अडुसष्ट लिंगांच्या वाटेनें चालणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे; पांढरी बाराबंदी घालून ते धरणारे तरुण कित्येक आठवडे आधींपासून रात्रीं सराव करीत असतात. ध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत. या गोष्टीस कोणी शारीरिक शिक्षण म्हणत नाहीं, तिला वेळापत्रक नाहीं, परीक्षक नाहीं. आणि ती बंद पडलेली नाहीं.

मातीवरून मॅटवर जाण्यानें खेळाचा आत्मा जातो, अशी तक्रार आमच्या वयाची माणसें करतात. ती मला पुरती मान्य नाहीं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्यें लंडनला गेले तेव्हां गादीवरची कुस्ती त्यांना नवीन होती; तरी ते सहावे आले. चार वर्षांनीं हेलसिंकीस त्यांनीं ब्राँझ पदक मिळविलें, स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक पदक. त्यांच्या जाण्यासाठीं प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण ठेवल्याची हकीकत कोल्हापुरांत आजहि सांगतात. गादी परकी होती, पण मल्ल मातींतच तयार झालेला होता, आणि त्याच्यासाठीं घर गहाण ठेवणारा गृहस्थ हा एक कॉलेजांतला शिक्षक होता.

हें लिहिलें आणि लेखणी थांबली. कारण येथें मला नातीच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें आहे.

मीं घर तर गहाण ठेवलें नाहींच. मीं तास घेतले. ज्या शाळेंत मीं आयुष्य काढलें तेथें आठवड्यांतून दोन तास 'शारीरिक शिक्षण' असें वेळापत्रकांत लिहिलेलें असे. सहामाही जवळ आली कीं ते तास मी मागून घेईं. खेळाचे शिक्षक भिडस्त होते. "घ्या, सर" म्हणून ते मैदानावरून परत जात. मुलें खिडकीबाहेर पाहत, आणि मी त्यांस धातु चालवावयास लावीं. कोणी तक्रार केली नाहीं. पालकांनीं तर आभार मानले. जर्मनीनें पराभवाच्या दुःखांतून आपला व्यायाम घडविला, इंग्रजांनीं राज्य चालविण्याच्या इच्छेंतून. आपल्या शाळांतील व्यायाम परीक्षेच्या भयांतून घडला आहे, आणि तो घडविणाऱ्यांत मी होतों.

त्यांतील एक मुलगा मला विशेष आठवतो. विणकराच्या घरचा, शेवटच्या बाकावरचा. संस्कृतांत पंधरा गुणांच्या वर कधीं गेला नाहीं, पण आट्यापाट्यांत त्याला कोणी अडवूं शकत नसे. रेघेवरचा मुलगा हात पसरून उभा असतांना हा त्याच्या बगलेखालून वाऱ्यासारखा निघून जाई. गेल्या वर्षीं मी स्टेशनावरून रिक्षानें घरीं आलों तेव्हां रिक्षा चालविणारा तोच निघाला. त्यानें भाडें घेण्याचें नाकारलें आणि हंसत म्हणाला, "सर, तुमचा 'गम्' धातु अजून येतो. गच्छति, गच्छतः, गच्छन्ति." गम् म्हणजे जाणें. त्याला बाहेर मैदानावर जावयाचें होतें, आणि मीं त्याला खोलींत बसवून जाण्याचा धातु चालवावयास लावला. तो हें रागानें बोलला नाहीं. राग असता तर मला बरें वाटलें असतें.

हें सर्व मीं घरांत रात्रीं जेवणें झाल्यावर सांगितलें. नात गप्प राहिली. मुलगाहि बराच वेळ गप्प होता, मग तो म्हणाला, "अण्णा, ठराविक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेंत क्रीडागुण मिळतात, असें आज कचेरींत कळलें." त्यासरशी सर्व घराचा विरोध मावळला! सूनबाईंनीं तेव्हांच पहांटेचा गजर लावला. मातोश्रींनीं विचारलें, "गुण किती?" पलीकडच्या धाराशिवच्या सारिका काळे खो-खो खेळतां खेळतां भारताच्या नायिका झाल्या आणि २०२० मध्यें त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, हें उदाहरण मीं सांगावयास घेतलेलें होतें, पण गुणांपुढें त्याची गरजच उरली नाहीं. खेळास परवानगी मिळाली ती पुन्हां परीक्षेच्याच खिडकींतून. मला निराळ्या कारणासाठीं मिळावयास हवी होती. तथापि कारणासाठीं भांडत बसण्यापेक्षां मुलगी मैदानावर गेलेली बरी.

पहांटे तिला पोंचवावयास घरांत मोकळा असा मीच. तिच्या शिक्षकांनीं पहिल्याच दिवशीं माझ्या हातीं वेळ मोजावयाचें घड्याळ दिलें, कारण आलेला मनुष्य रिकामा बसलेला त्यांना पाहवत नाहीं. काल ती साडेतीन मिनिटें पळाली आणि मग खुंटापाशीं बाद झाली. मीं आंकडा मोठ्यानें सांगितला, तर शिक्षक म्हणाले, "आजोबा, घड्याळ उशीरा दाबलें तुम्ही." वेळ पुन्हां लावावी लागली. निवड पुढील आठवड्यांत आहे; तोंपर्यंत हा लेख छापावयास गेलेला असेल.